खाटकाचे आणि किराण्याचे जुने दुकान: शोधावे कसे, पारखावे कसे

जुन्या वळणाच्या दुकानात माल गिऱ्हाइकाच्या हाती थेट येत नाही. फळीच्या पलीकडे उभा असलेला माणूस तो निवडतो, कापतो, मोजतो, बांधतो आणि मगच देतो. गिऱ्हाइकाने स्वतः टोपली घेऊन मांडणीवरचा माल उचलावा, ही पद्धत १९१६ मध्ये अमेरिकेतील मेंफिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांच्या ‘पिग्ली विग्ली’ या दुकानाने रुजवली. त्याआधी किराण्याची विक्री बहुतेक ठिकाणी दुकानदाराच्या हातूनच होत असे. पद्धत बदलली तसे माल पारखण्याचे काम दुकानदाराकडून सुटले आणि ते वेष्टनावरच्या छापील मजकुराकडे गेले. ज्या वस्तीत मांस आणि किराणा एकाच छपराखाली, किंवा एका भिंतीच्या दोन बाजूंना विकणारे जुने दुकान अजून टिकून आहे, तिथे हे पारखण्याचे ज्ञान एखाद्या माणसाच्या हातात शिल्लक असण्याची शक्यता असते. ‘शक्यता’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे, कारण दुकान जुने आहे एवढ्यावरून माल चांगला ठरत नाही. पाटी किती जुनी आहे यापेक्षा सुरी धरणारा हात किती जाणता आहे, हे पाहायचे असते आणि ते कसे पाहावे हेच पुढे क्रमाने सांगितले आहे.

शोध कुठून सुरू करावा

फोनवरच्या नकाशात अशी दुकाने सहसा नीट सापडत नाहीत. काहींना पाटीच नसते, काहींची नोंद भलत्याच नावाने झालेली असते आणि त्यांच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहिण्याची सवय नसते. त्यामुळे माणसांना विचारणे हाच खात्रीचा मार्ग आहे. मात्र प्रश्न नेमका हवा. ‘चांगले दुकान कुठे आहे?’ असे विचारल्यास जो तो आपल्या घराजवळचे दुकान सांगतो. त्याऐवजी ‘रश्शासाठी हाडे कुठून आणता?’, ‘खिमा कोणाकडून करून घेता?’, ‘डाळी पोत्यातून सुट्या कुठे मिळतात?’ असे विचारावे. अशा प्रश्नाचे उत्तर फक्त तोच देऊ शकतो, ज्याने खरोखर तिथून माल घेतला आहे. रोज अनेकांसाठी स्वयंपाक करणारे आचारी, लहान खानावळी चालवणारी मंडळी आणि वस्तीत तीस-चाळीस वर्षे राहिलेली घरे यांच्याकडून मिळालेली माहिती सर्वांत उपयोगी ठरते. दोन वेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, एकच दुकान सांगितले तर तिथे जाऊन पाहावेच.

दुकान कळले की लगेच खरेदीला जाऊ नये. एकदा सकाळी, माल उतरतो त्या वेळी, आणि एकदा बंद होण्याच्या तासभर आधी तिथून फेरी मारावी. सकाळी माल कसा येतो, झाकून येतो की उघडा, गार येतो की नुसताच गाडीत टाकून, हे दिसते. संध्याकाळी काय उरले आहे आणि उरलेल्याचे काय केले जाते, हे दिसते. दिवस संपण्याआधी ज्याचे मांस संपते आणि ‘आता उद्या या’ असे जो निःसंकोचपणे सांगतो, त्या दुकानावर माझा विश्वास लवकर बसतो. दिवसाच्या कोणत्याही वेळी मांडणी भरगच्च दिसत असेल, तर विक्री मोठी असावी किंवा माल कालचा असावा. यांतले खरे काय, ते तपासावे लागते.

दारात थांबून काय पाहावे

पहिली परीक्षा नाकाची. मांसाच्या दुकानाला वास असणारच. ताजे मांस, चरबी आणि ओले लाकूड यांचा तो सौम्य वास असतो. आंबूस वास, नाकाला झोंबणारा अमोनियासारखा वास, किंवा या सगळ्याला झाकण्यासाठी मारलेल्या फिनाइलचा आणि अगरबत्तीचा उग्र वास आला, तर आत शिरण्याची गरज नाही.

त्यानंतर फडक्याकडे पाहावे. एकाच फडक्याने सत्तूर, ठोकळा, तराजूचे पारडे आणि हात पुसले जात असतील, तर बाकीची स्वच्छता वरवरची आहे असे समजावे. जमिनीवर पाणी साचलेले नसावे, मोरी वाहती असावी, माश्या बसत नसाव्यात आणि हात धुण्याची जागा कामाच्या इतकी जवळ असावी की ती वापरण्याचा कंटाळा येऊ नये.

मांस आणि किराणा जिथे एकत्र विकला जातो, तिथे एक परीक्षा बाकी सगळ्यांपेक्षा मोठी आहे. एखादे गिऱ्हाईक अर्धा किलो मांस आणि पाव किलो साखर एकदमच मागते, तेव्हा शांतपणे उभे राहून दुकानदाराच्या हातांकडे पाहावे. तो मांस कापून बाजूला ठेवतो, हात साबणाने धुतो, कोरडे करतो आणि मग साखरेच्या डब्याला हात लावतो का? की घरातले दुसरे माणूस फक्त किराणा आणि गल्ला सांभाळते? दोन्ही व्यवस्था चांगल्या आहेत. पण ज्या हाताने मांस कापले तोच हात साखरेत, डाळीत किंवा पैशांत जात असेल, तर ती गंभीर गोष्ट आहे. कच्च्या मांसावरचे साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टरसारखे जिवाणू शिजवताना मरतात. साखरेवर, खजुरावर किंवा भाजलेल्या दाण्यांवर पोहोचलेले जिवाणू मारायला पुढे कोणतीच आच नसते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये प्रसृत केलेल्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांमध्ये कच्चे आणि शिजवलेले वेगळे ठेवणे हे एक स्वतंत्र सूत्र आहे. मांसाचा आणि किराण्याचा काटा वेगळा, मापे वेगळी, फळ्या वेगळ्या आणि धान्याची पोती मोरीपासून दूर व जमिनीपासून उंचावर, अशी मांडणी दिसली की दुकानदाराने विचार केला आहे हे कळते.

लाकडी ठोकळा पाहून मात्र घाबरू नये. प्लास्टिकचा पाट अधिक स्वच्छ असा समज रूढ आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतील अन्न-सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डीन क्लिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत मात्र असे दिसले की लाकडात शोषले गेलेले जिवाणू हळूहळू मरतात, तर सुरीचे चरे पडलेल्या प्लास्टिकच्या पाटावरचे जिवाणू हाताने धुऊनही पूर्णपणे निघत नाहीत. ठोकळा रोज खरवडला जातो का आणि रात्री कोरडा होतो का, हे महत्त्वाचे. मध्यभागी खड्डा पडून त्यात ओल साचलेली असेल, तर तो ठोकळा कितीही परंपरेचा असला तरी नको.

मांस पारखताना

दुकानात अख्खे धड किंवा निदान मोठे भाग टांगलेले असतील, तर कापण्याचे काम तिथेच होते, आणि कापणाऱ्याला जनावराची रचना माहीत असते. सगळे मांस आधीच तुकडे करून परातीत ढीग घातलेले असेल, तर कोणता तुकडा कुठला, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

कसबी खाटीक ताकदीने कापत नाही. खांद्याचा भाग सोडवताना त्याच्याकडे जवळून पाहावे. तो आधी सुरीच्या टोकाने फऱ्याचे चपटे हाड चाचपतो, हाडाला लागून पाते सरकवतो, सांध्यात टोक घालून किंचित पिळतो आणि सांधा आपोआप सुटतो. सत्तुराचा घाव तो जिथे हाड खरोखर तोडायचे आहे तिथेच घालतो. हाडावर मांस चिकटून राहत नाही आणि मांसात हाडाच्या बारीक चिरा उतरत नाहीत. याउलट जो प्रत्येक तुकड्यावर चार-चार घाव घालतो, त्याच्या मांसात हाडाचे कण सापडतात आणि ते खाताना दातांना, घशाला त्रास होतो. सुरीला धार आहे का, हे कापलेल्या बाजूवरून कळते: ती सपाट आणि चकचकीत दिसते, फाटल्यासारखी दिसत नाही.

‘ताजे आहे का?’ हा प्रश्न बहुतेक सगळे विचारतात आणि त्याचे उत्तर नेहमीच ‘हो’ असते. खरे तर ‘कापून किती वेळ झाला?’ असे विचारायला हवे. प्राणी मारल्यानंतर त्याच्या स्नायूंतली ऊर्जा संपते आणि स्नायू आखडून ताठ होतात. कोंबडीत हे काही तासांत होते, बकरा-मेंढीत साधारण अर्ध्या दिवसापर्यंत आणि मोठ्या जनावरात एक दिवसापर्यंत लागतो. या आखडलेल्या अवस्थेत शिजवलेले मांस चिवट लागते. नंतर स्नायूंमधलीच विकरे (एन्झाइम) तंतू हळूहळू सैल करतात आणि मांस पुन्हा मऊ होत जाते. म्हणजे मांस एक तर कापल्यावर लगेच, ताठपणा येण्याआधी शिजवावे, किंवा ताठपणा ओसरेपर्यंत गार जागेत ठेवावे. मधल्या वेळात घरी आणलेले मांस ‘शिजतच नाही’ अशी तक्रार ऐकू येते, आणि दोष मात्र जनावराच्या वयाला दिला जातो.

यातली एक बारीक गोष्ट जाणत्या खाटकाला अनुभवाने ठाऊक असते. नुकतेच कापलेले मांस घाईने अतिशय थंड केले, तर स्नायू आकसून कायमचे चिवट होतात. न्यूझीलंडमधील आर. एच. लॉकर आणि सी. जे. हॅगयार्ड या संशोधकांनी १९६३ मध्ये या आकसण्याचे वर्णन केले. त्यामुळे नुकत्याच कापलेल्या जनावराचे मांस घेऊन ते घरी तत्काळ बर्फाच्या कप्प्यात टाकणे योग्य नाही. आधी ताठपणा ओसरेपर्यंत शीतकपाटाच्या साध्या कप्प्यात ठेवावे, मग गोठवावे. ‘हे आज शिजवू की उद्या?’ असे विचारल्यावर जो खाटीक क्षणभर थांबून, तुकड्याला बोटाने दाबून उत्तर देतो, त्याच्याकडे पुन्हा जावे.

रंगावरून निष्कर्ष काढताना सावधपणा हवा. मांसाचा रंग मायोग्लोबिन या प्रथिनामुळे येतो. नुकत्याच कापलेल्या बाजूचा रंग जांभळट असतो, हवा लागली की तो अर्ध्या तासात लालभडक होतो आणि बराच वेळ हवेत राहिला की तपकिरी होतो. ढिगाच्या आतला तुकडा जांभळट किंवा करडा दिसला म्हणून तो शिळा ठरत नाही आणि वरचा तुकडा लाल दिसला म्हणून तो ताजा ठरत नाही. बोटाने दाबल्यावर खळगा लगेच भरून आला पाहिजे, पृष्ठभाग ओलसर असला तरी बुळबुळीत नसावा, आणि नाकाजवळ नेल्यावर आंबूस वास येऊ नये. या तीन खुणा रंगापेक्षा भरवशाच्या आहेत. मांस अतिशय गडद, कोरडे आणि चिकट वाटत असेल, तर मारण्याआधी जनावर फार थकले किंवा घाबरले असण्याचा संभव असतो. असे मांस लवकर खराब होते.

जनावराचे वय हाडावरून ओळखावे. कोवळ्या जनावराचे कापलेले हाड गुलाबीसर आणि सच्छिद्र दिसते, जून जनावराचे पांढरे आणि टणक. कोंबडीत छातीच्या हाडाचे खालचे टोक बोटाने दाबून पाहावे. ते लवचीक असेल तर कोंबडी कोवळी, कडक असेल तर जून. जून मांस वाईट नसते. त्याला चव जास्त असते, फक्त वेळ जास्त लागतो.

यावरूनच कोणता भाग कशासाठी घ्यावा हे ठरते. जो स्नायू जनावराने आयुष्यभर जास्त वापरला, म्हणजे मान, खांदा, पायाची नळी, त्यात जोडऊती, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारा चिवट भाग, अधिक असते. ओलसर, मंद आचेवर दीर्घकाळ ठेवल्यावर या ऊतीतले कोलॅजन हे प्रथिन विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि रस्सा दाट, चकचकीत होतो. पाठीच्या कण्यालगतचा स्नायू जनावर कमी वापरते, म्हणून तो मऊ असतो, लवकर शिजतो आणि जास्त शिजवला तर कोरडा पडतो. मऊ भाग महाग आणि चिवट भाग स्वस्त, हा जवळजवळ सगळीकडचा नियम आहे, आणि ज्याच्याकडे वेळ आहे त्याच्या दृष्टीने तो फायद्याचा आहे. माझे स्पष्ट मत असे की जुन्या दुकानात जाऊन फक्त मऊ तुकडे मागणाऱ्याने दुकानाचा निम्माही उपयोग करून घेतलेला नसतो. मान, नळ्या, काळीज, गुर्दे, चरबी हा माल वेष्टनबंद दुकानात क्वचितच मिळतो आणि इथे रोज असतो. काळीज-गुर्दे मात्र त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी शिजवावेत.

खिमा कधीही तयार घेऊ नये. अख्ख्या तुकड्याचे जिवाणू बहुतेक पृष्ठभागावर असतात. तुकडा बारीक केला की ते आतबाहेर सगळीकडे मिसळतात. शिवाय आधीच केलेल्या खिम्यात कोणता भाग गेला, चरबी किती गेली, हे कळत नाही. तुकडा निवडावा, डोळ्यांसमोर साफ करून घ्यावा आणि त्याचाच खिमा करायला सांगावे. यंत्र आधीच्या मांसाने माखलेले असेल, तर ते धुऊन घेण्याची विनंती करायला संकोच करू नये. ‘काका, थोडा वेळ लागला तरी चालेल, पण यंत्र धुऊन घ्या’ एवढे सौम्यपणे सांगितले की बहुतेक जण ऐकतात, आणि जो चिडतो त्याच्याबद्दलही माहिती मिळतेच.

किराण्याच्या बाजूला

सुट्या धान्याचा मोठा फायदा म्हणजे ते हातात घेऊन पाहता येते. पोत्याच्या वरच्या थरावर विसंबू नये. कोपरापर्यंत आत गेलेल्या मापातून निघालेला माल पाहावा. मूठभर दाणे तळहातावर पसरले की तुटके दाणे, खडे, भोके पडलेले दाणे आणि पीठ दिसते. तळाशी भुकटी असेल तर सोंडे आत काम करत आहेत. दाणे एकमेकांना धाग्यांनी चिकटून जाळी धरलेली असेल, तर पतंगाच्या अळ्या आहेत. दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे. तो दबला तर त्यात ओल आहे आणि साठवणीत बुरशी धरेल.

कडधान्यांच्या बाबतीत दुकानदाराला एक प्रश्न अवश्य विचारावा: हा माल नवा की जुना? उष्ण आणि दमट जागी दीर्घकाळ राहिलेली कडधान्ये इतकी कडक होतात की रात्रभर भिजवूनही नीट शिजत नाहीत, आणि बाहेरून पाहून हा दोष ओळखणे कठीण असते. तांदळाचे नेमके उलट आहे. काही महिने साठवलेला तांदूळ पाणी जास्त पितो आणि शिजल्यावर मोकळा होतो. नवा तांदूळ चिकट होतो. म्हणून ‘नवे तेच चांगले’ असा सरसकट नियम किराण्यात चालत नाही. कोणत्या मालाचे वय फायद्याचे आणि कोणत्याचे तोट्याचे, हे ज्याला सांगता येते तो जाणता दुकानदार.

मसाले शक्यतो अख्खे घ्यावेत. त्यांचा वास देणारी तेले उडून जाणारी असतात, आणि दळल्यावर पृष्ठभाग अनेक पटींनी वाढल्याने ती फार लवकर जातात. अख्ख्या मसाल्यात भेसळ करणेही अवघड असते. दोन-चार दाणे तळहातावर चुरडून हुंगावेत. वास लगेच वर यायला हवा. काचेच्या बरण्या उन्हात मांडलेल्या असतील तर दुकान सुंदर दिसते, पण माल मरतो. सुटे तेल मी घेऊ नये असेच सांगेन, कारण त्यातली भेसळ नाकाने किंवा डोळ्याने ओळखता येत नाही. कोंड्यासकट दळलेले पीठ थोडेच घ्यावे. अंकुरातल्या तेलामुळे ते मैद्यापेक्षा खूप लवकर खवट होते. ज्या दुकानाची विक्री जास्त तिथला माल ताजा, हे किराण्यात मांसापेक्षाही अधिक खरे आहे, म्हणून कोणते पोते आठवड्यात संपते हे विचारून घ्यावे आणि त्यातलाच माल जास्त घ्यावा.

अंड्यांसाठी पाण्याचे भांडे पुरते, पण ती परीक्षा घरीच करता येते. कवचातून ओल उडत जाते तशी आतली हवेची पोकळी वाढते; त्यामुळे ताजे अंडे तळाशी आडवे राहते, जुने उभे राहते आणि फार जुने तरंगते. तरंगणारे अंडे जुने असते, नासलेलेच असते असे नाही. ते वेगळ्या वाटीत फोडून हुंगावे.

वजन आणि हिशेब

काटा गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर असावा आणि माल ठेवण्याआधी शून्यावर असावा. कागद किंवा पिशवी ठेवली तर तिचे वजन वजा झाले पाहिजे. काट्यावर आणि वजनांवर अधिकृत पडताळणीचा शिक्का असतो. तो कुठे आहे असे सहज विचारावे.

मांसाच्या बाबतीत वजन साफ करण्याआधी होते की नंतर, हे आधीच ठरवून घ्यावे. दोन्ही पद्धती प्रचलित आहेत, आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात, पण दोन दुकानांच्या दरांची तुलना करताना हा फरक विसरला तर हिशेब चुकतो. जिवंत कोंबडीच्या वजनापैकी साफ केल्यावर साधारण ७० टक्के उरते आणि त्वचा काढली तर त्याहून कमी. जिवंत वजनाचा दर आणि साफ केलेल्याचा दर शेजारी ठेवताना हे गणित करावेच. काढून टाकलेली हाडे आणि चरबी आपल्या पैशांची असते. हवी असेल तर मागून घ्यावी, तिचा रस्सा होतो.

पहिली खरेदी

पहिल्या खेपेला थोडेच घ्यावे आणि गर्दीच्या वेळी जाऊ नये. नग किंवा वजन सांगण्याआधी काय शिजवायचे आहे, किती माणसे आहेत आणि हाताशी किती वेळ आहे, हे तीन मुद्दे सांगावेत. मग गप्प राहून तो काय काढतो ते पाहावे. एक कसोटी इथे फार उपयोगी पडते. झटपट परतण्यासाठी मुद्दाम पायाची नळी मागावी. खरा कारागीर लगेच थांबवतो आणि दुसरा भाग सुचवतो, मग तो स्वस्त असो वा महाग. जो काही न बोलता मागितलेले तोलून देतो, तो विक्रेता असेल, पण सल्लागार नाही. किराण्यातही असेच: ‘आज कोणती डाळ घेऊ नको?’ या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर आहे, त्याच्याकडे बाकीची डाळ डोळे झाकून घ्यावी.

घरी शिजवल्यावर कसे झाले, ते पुढच्या वेळी नेमक्या शब्दांत सांगावे. ‘छान होते’ याने त्याला काहीच कळत नाही. ‘खांद्याचे तुकडे दोन तासांनी मऊ झाले, पण मानेचे राहिले’ याने कळते. ही माहिती घेऊन तो पुढच्या वेळी तुकडा वेगळा काढतो, आणि एखाद्या घराची आवडनिवड दुकानदाराच्या लक्षात राहते ती अशीच.

घरी नेताना आणि नेल्यावर

दुकानाच्या फेरीत मांस सगळ्यांत शेवटी घ्यावे आणि किराण्यापासून वेगळ्या पिशवीत न्यावे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात; त्यामुळे कच्चे मांस बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको. घर दूर असेल तर गार पिशवी न्यावी.

कोंबडी नळाखाली धुण्याची सवय सोडावी. धुतल्याने जिवाणू जात नाहीत, उडणाऱ्या थेंबांबरोबर ते ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. साफसफाई दुकानातच नीट करून घ्यावी आणि घरी कागदाने टिपून घ्यावे. शीतकपाटात मांस सगळ्यांत खालच्या फळीवर, खोलगट भांड्यात ठेवावे, म्हणजे रस गळून इतर अन्नावर पडत नाही. तापमान ५ अंशांच्या खाली असेल तर खिमा आणि कोंबडी एक-दोन दिवस, आणि अख्खे तुकडे तीन ते पाच दिवस टिकतात. गोठवायचे असेल तर एका वेळेपुरत्या, चपट्या पुड्या कराव्यात. पातळ थर लवकर गोठतो, बर्फाचे स्फटिक लहान राहतात आणि वितळताना रस कमी सुटतो. वितळवणे शीतकपाटातच, आदल्या रात्रीपासून.

शिजवताना तापमापक असेल तर कोंबडीचा मध्यभाग ७४ अंशांपर्यंत आणि खिमा ७१ अंशांपर्यंत जायला हवा. अख्ख्या तुकड्यांना ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती पुरते.

धान्य आणले की त्यात सोंड्यांची अंडी असण्याची शंका नेहमीच असते. थोडे असेल तर हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या कप्प्यात चार दिवस ठेवावे. अळ्या आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतली ओल धरते. नवा माल जुन्या डब्यात वरून ओतू नये; डबा रिकामा करून, पुसून, वाळवून मगच भरावा.

ओळख वाढल्यावर

नेहमीचे गिऱ्हाईक झाल्यावर दोन सोयी मिळतात. पहिली म्हणजे आधी सांगून ठेवण्याची. अख्खा खांदा, विशिष्ट जाडीचे तुकडे, रश्शासाठी चिरलेल्या नळ्या अशा गोष्टी आदल्या दिवशी सांगाव्यात, आणि सांगितल्यावर न्यायलाच याव्यात. सांगून न नेलेला तुकडा लहान दुकानाच्या अंगावर पडतो. दुसरी सोय उधारीची. ती घ्यायची असेल तर नोंद दोन्ही बाजूंना ठेवावी, रक्कम लहान ठेवावी आणि ठरल्या दिवशी न मागता द्यावी.

माल खराब निघाला तर त्याच दिवशी, माल बरोबर घेऊन आणि शक्यतो इतर गिऱ्हाइके नसताना जावे. काय खरेदी केले, किती वाजता, घरी कुठे ठेवले आणि दोष केव्हा दिसला, एवढे सांगावे. चांगला दुकानदार हुंगून पाहतो, वाद घालत नाही आणि बदलून देतो. तो घरच्या साठवणीत झालेली चूक दाखवत असेल, तर तेही ऐकून घ्यावे, कारण पुष्कळदा ते बरोबर असते. तोच दोष पुन्हा दिसला, हात न धुता धान्याला हात लावलेला दिसला किंवा काटा झाकलेला आढळला, तर जुनी ओळख आड येऊ देऊ नये. दुकान बदलावे आणि त्याला कारण सांगून बदलावे.

वर्षातून एक-दोनदा, गर्दी नसताना, मांसाचा माल कुठून येतो आणि किराणा कोणत्या घाऊक बाजारातून येतो, हे पुन्हा विचारावे. पुरवठादार बदलले की मालाची जात बदलते, आणि त्याच दराने वेगळी डाळ किंवा वेगळ्या वयाचे जनावर दुकानात येऊ लागते. दुकानात नवा माणूस सुरी धरू लागला असेल, तर वर सांगितलेली नळीची कसोटी त्याच्याबाबतही नव्याने घ्यावी.